सहवेदनेचं टेबल

माणसाला दुसऱ्याची कणव येते की नाही याची परीक्षा घेता येते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग वाटेला लावलं असतं. पण मी ती परीक्षा होताना पाहिली आहे, मार्कांसकट. तेव्हापासून ‘सहवेदना’ हा शब्द कुणी भाषणात वापरला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि हल्ली भाषणं फार होतात.

मी एका मोठ्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. नाव भारदस्त आहे. काम असं, की ज्या पेशंटला कुणी नाही त्याचं सगळं बघायचं. कुणी रेल्वे स्टेशनवर पडलेला सापडला, त्याचं गाव शोधायचं. मुलगा आईला वॉर्डात सोडून पसार झाला, त्याला फोन लावायचा आणि शिव्या खायच्या. कुणी बरं झालं पण जायला जागा नाही, तर त्याला निवाऱ्यात पोचवायचं. डॉक्टर लोक मला एरवी नुसतं ‘मॅडम’ म्हणायचे, पण एखाद्या बेवारस माणसाची खाट मोकळी करून हवी असली की त्या ‘मॅडम’मध्ये साखर पडायची. मी त्या साखरेला कधी भुलले नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळा स्टाफ म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं.

दवाखान्याला लागूनच मेडिकल कॉलेज होतं. एका वर्षी वरून फर्मान आलं, की डॉक्टर होणाऱ्या पोरांना नुसती औषधं शिकवू नका, माणूसही शिकवा. फर्मान चांगलंच होतं, मी उगाच नावं ठेवणार नाही. बारावीपर्यंत क्लासच्या बाकावर वाढलेली ही पोरं, त्यातल्या कित्येकांनी कधी नळावर भांडण पाहिलेलं नसतं. त्यांनी चार माणसांत बसावं, यात वाईट काही नाही. कॉलेजातल्या एका विभागानं त्यासाठी बेघरांचा निवारा निवडला. शहागंजच्या बाजूला एका जुन्या शाळेच्या दोन खोल्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची. तिथं पोरांनी रविवारी सकाळी जायचं, सेवा करायची आणि सहवेदना शिकायची, असं ठरलं. निवाऱ्यातली निम्मी माणसं मीच तिथं पोचवलेली, त्यामुळं ओळख करून द्यायला मलाच धरलं.

पहिल्या रविवारी पोरं पांढरे कोट घालून आली. बिस्किटांचे पुडे आणले, फोटो काढले. मी कोट काढायला लावले. म्हटलं, इथं कुणी ॲडमिट नाही. पोरं वाईट नव्हती. दोन-तीन रविवारांत ती सरावली. एकानं म्हाताऱ्यांची नखं कापायला सुरुवात केली, एकीनं बायकांसाठी बांगड्या आणल्या. मला वाटायला लागलं की ह्यातून काही बरं निघेल.

मग विभागातल्या सरांनी त्यांना ‘पद्धत’ शिकवली. सर चाळिशीतले, नेहमी हसतमुख, मराठी अशी गुळगुळीत की ऐकणाऱ्याचा पाय घसरावा. निवाऱ्यातल्या उपक्रमाच्या उद्घाटनाला ते आले होते, नंतर मी त्यांना तिथं पाहिलं नाही. पण पद्धत त्यांचीच. समोरच्याच्या उंचीला येऊन बसायचं. डोळ्यांत बघायचं. ‘काय होतंय?’ असं मोकळं विचारायचं. तो दुःखाचं काही बोलला की मध्ये तोंड घालायचं नाही, मनात पाच आकडे मोजायचे. मग हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, ‘मी समजू शकतो. आम्ही तुमच्या सोबत आहोत.’ एका रविवारी मी दारात उभी राहून पाहिलं. सगळ्या खोलीभर पोरं उकिडवी बसलेली, सगळ्यांनी हात धरलेले, सगळी गप्प, आणि ओठ हलताहेत. आकडे मोजत होती.

निवाऱ्यातली एक बाई पोरांना फार आवडायची. मी तिला मावशी म्हणायचे. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात होता, तो गेला. मग तिनं बजाजनगरात एका मेसमध्ये कामगारांसाठी पोळ्या लाटल्या. मेस बंद पडली, मुलगा लग्न करून परगावी गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला, खोली सुटली. तापानं फणफणलेली स्टेशनवर सापडली, आमच्याकडं आली, बरी झाली आणि मी तिला निवाऱ्यात नेऊन सोडलं. साठीच्या आत-बाहेरची असेल. केस अजून काळे होते. पोरं तिला ‘आजी’ म्हणायची, त्याचा तिला राग यायचा.

“मी कुनाची आजी हाय, बाई?” मला म्हणायची. “मपल्या नातवानं मला पायलं बी नाय अजून.”

पण पोरांशी ती बोलायची. मेसमधले किस्से सांगायची, कुणाला किती पोळ्या लागायच्या, कोण भाजीतला बटाटा तेवढा वेचून खायचा. पोरं हसायची. तिला रविवारची ओढ असायची हे मला ठाऊक आहे, कारण शनिवारी ती डोक्याला तेल लावायची.

वर्षाच्या शेवटी सर माझ्या खोलीत आले. आले ते एकदम ‘मॅडम, तुमच्याशिवाय हे होणार नाही’ म्हणतच आले, तेव्हाच मी सावध झाले. पोरांची परीक्षा आली होती. एका हॉलमध्ये टेबलं मांडतात, मध्ये पडदे लावतात. प्रत्येक टेबलावर एक काम. कुठं रक्तदाब घ्यायचा, कुठं एक्स-रे बघायचा. घंटा वाजली की पोरानं पुढच्या टेबलावर जायचं. त्यातलं एक टेबल सहवेदनेचं. तिथं पेशंटशी बोलायचं आणि कोपऱ्यात बसलेला परीक्षक खुणा करतो: नजर मिळवली का, थांबला का, हात धरला का. हे टेबल फर्मानाच्या आधीपासूनचं. आत्तापर्यंत तिथं नाटकात काम करणारी पोरं पेशंट म्हणून बसवायचे. त्यांना गोष्ट पाठ करून द्यायची, ती रडून दाखवायची.

“यंदा अस्सल हवं,” सर म्हणाले. “निवाऱ्यातलंच कुणी. जिवंत अनुभव.”

“अस्सल माणूस काय सांगेल याचा नेम नाही,” मी म्हटलं.

“तेवढं तुम्ही तयार करून घ्या ना. सुनेनं घराबाहेर काढलं, दोन दिवस पोटात अन्न नाही, असं काहीतरी. मध्येच डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम.”

मी स्पष्ट सांगितलं, की मी माणसं पढवून आणणार नाही. आपल्याकडं बाहुल्यांचा खेळ नाही. जे असेल ते सांगतील. सर हसले, म्हणाले, “तेच, तेच. नॅचरल.” आणि गेले. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं की नुसतंच हसले होते, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

मी मावशीला विचारलं. तिनं आधी एकच विचारलं, “तितं डागदर असत्यात का?”

“डॉक्टर होणारी पोरं, आणि एक-दोन मोठे डॉक्टर.”

“मंग म्या काय बोलायचं?”

“ती विचारतील. काय होतंय, काय दुखतंय. जे असेल ते सांगायचं. काही बनवून सांगायचं नाही.”

तिनं जरा विचार केला, पदर सारखा केला आणि ‘येते मंग’ म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, चापूनचोपून केस बांधून आली. मी तिला पडद्याआड बसवलं आणि बाहेर व्हरांड्यात थांबले, कारण आत परीक्षक सोडून कुणी नको होतं. परीक्षक परगावच्या कॉलेजातून आलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. सकाळभर घंटा वाजत राहिली. पोरं एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहिली. मावशीच्या पडद्याआडून एक मुलगा डोळे पुसत बाहेर आलेला मला दिसला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. म्हटलं, पाच आकड्यांच्या पलीकडं काहीतरी पोचलं.

परीक्षा संपली. सरांनी सगळ्यांना हॉलच्या मध्यात जमवलं, मावशीला पुढं बोलावलं, शाल घातली, हातात नारळ दिला. म्हणाले, “आजींनी काय कमाल केली!” पांढऱ्या मिशांचे परीक्षकही पुढं झाले. “आजी, अगदी खरंच वाटलं बघा,” म्हणाले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. मावशी शाल सावरत एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं असेल की मोठ्या दवाखान्यात अशीच रीत असते.

रिक्षात तिनं नारळ मांडीवर धरला होता. औरंगपुऱ्याच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तिनं विचारलं, “बाई, छान केलं म्हंजी काय केलं म्या?”

“तुम्ही चांगलं बोललात, म्हणून.”

“मंग बोलावतील ना मला?”

“कशाला?”

“गाठीसाठी.”

मी म्हटलं, कसली गाठ? तिनं नुसतं रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघितलं. निवाऱ्यात आल्यावर तिनं मला न्हाणीत नेलं, कडी लावली आणि पदर बाजूला केला. लिंबाएवढी होती. वरची कातडी आत ओढली गेलेली. मी डॉक्टर नाही, पण एवढी वर्षं वॉर्डात काढल्यावर ते काय आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

“कधीपासून आहे?”

“दिवाळीच्या आदीपासून.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी डागदर नाय ना, बाई. आन रविवारी येत्यात त्यात पोरंच पोरं, समद्यांच्या म्होरं कसं सांगावं? इतं एकेक जन पडद्याआड यत होता. म्हनलं, ह्येच ते. दवाखान्यानं आपल्याला बोलावलंच हाय, तर सांगून टाकावं.”

मग तिनं मला सगळं सांगितलं. पहिला एक मुलगा आला. त्याला सांगताना तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, भिंतीकडं तोंड करून सांगितलं. तो गप्प बसला, हात धरला, म्हणाला, आम्ही तुमच्या सोबत आहोत. घंटा वाजली, गेला. दुसरा आला आणि पुन्हा विचारायला लागला, काय होतंय आजी? तिला वाटलं, पहिला लहान डॉक्टर असेल, हा त्याच्या वरचा. त्यालाही सांगितलं. मग तिसरी आली, ती आणखी वरची असेल. अशी ती सकाळभर एकेका पायरीनं वर चढत होती, की आता येईल तो मोठा, जो म्हणेल, दाखवा. एक मुलगा तर ऐकता ऐकता रडला.

“मंग मलाच त्याला समजवावं लागलं,” मावशी म्हणाली. “म्हनलं, नको रडू लेकरा, तुमी सोबत हायत ना.”

“कुणीच बघितलं नाही?”

“एक पोरगी हुती. ती म्हनली, आजी, मला दाखवा. उठून पडदा नीट वडाया लागली. तर कोपऱ्यातला त्यो मिशावाला इंग्रजीत काय तरी बोलला. ती तोंडावर पडल्यावानी झाली आन खाली बसली. मंग घंटा झाली.”

मी तशीच दुसरी रिक्षा पकडून परत गेले. हॉलमध्ये समोसे चालले होते. पोरं, सर, परीक्षक, कागदी प्लेटा हातात घेऊन उभी. मी आधी दार लावून घेतलं. मग म्हटलं, की त्या बाईच्या छातीत गाठ आहे आणि ती सकाळभर तुम्हा सगळ्यांना सांगत होती.

सगळे गप्प झाले, आणि या वेळी कुणी आकडे मोजत नव्हतं. परीक्षकांनी प्लेट खाली ठेवली.

“म्हणजे ती गाठ खरी आहे?” त्यांनी विचारलं.

मला त्यांचा प्रश्नच कळेना. मग हळूहळू उलगडलं. सरांनी टेबलावरचं माणूस बदललं होतं, पण पोरांना दरवर्षी देतात ती सूचना तशीच ठेवली होती: समोरची व्यक्ती पेशंटची भूमिका करत आहे, गोंधळून जाऊ नका. परीक्षकांनाही तेच सांगितलं होतं, की निवाऱ्यातल्याच एक बाई आहेत, पण तयार केलेल्या आहेत. त्यामुळं मावशी जे सांगत होती ते सगळ्यांच्या लेखी नाटक होतं. चांगलं लिहिलेलं आणि त्याहून चांगलं केलेलं. गाठीचा भाग तर परीक्षकांना इतका पसंत पडला होता, की समोसा खाताना त्यांनी सरांची त्यासाठी पाठ थोपटली होती.

“मला वाटलं, मॅडमनीच तो मुद्दा घातला असेल,” सर म्हणाले.

“मी तुम्हाला माणसं पढवणार नाही म्हणाले होते.”

“हो, पण मला वाटलं, तुम्ही आपलं सहज म्हणताय.”

मी त्या दिवशी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं मात्र म्हटलं, की एक बाई आयुष्यात पहिल्यांदा लाज सोडून बोलली. हॉल डॉक्टरांनी भरलेला, आणि तुम्ही तिच्या दुखण्याला मार्क दिलेत. हात कसा धरला याला मार्क, किती वेळ गप्प बसलात याला मार्क. बघू म्हणणाऱ्याला काय दिलंत?

हे मी रागाच्या भरात विचारलं, पण उत्तर होतं. पडदा ओढणाऱ्या त्या मुलीला त्या टेबलावर सगळ्यांत कमी मार्क मिळाले होते. परीक्षकांनी जरा अवघडूनच समजावून सांगितलं, की तिनं भूमिकेचं बंधन मोडलं, तपासणी या टेबलावर नव्हती, संवाद तुटला. सर म्हणाले, मार्कांचं आपण बघू. ते कधी बघितलं गेलं नाही. परीक्षेचा कागद एकदा सही झाला की देवालाही बदलता येत नाही म्हणे. माणूस मात्र बिनदिक्कत बदलता येतो, नाटकातलं काढून खरं बसवता येतं.

ती मुलगी समोशांना थांबली नव्हती, गाठ खरी निघाल्याचं तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. फर्दापूरची होती, वडिलांची लेण्यांच्या रस्त्याला चहा-नाश्त्याची टपरी. खाली मान घालून उभी राहिली.

“मॅडम, मला अभिनय ओळखता येत नाही,” म्हणाली. “मला खरंच वाटलं.”

ती माफी मागत होती. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, “चल माझ्यासोबत, मावशीला सर्जरीत न्यायचंय.”

सर्जरीच्या ओपीडीत नेहमीसारखीच झुंबड होती. सर्जन कामाचा माणूस होता, बोलायला तुसडा पण हाताला चांगला. त्यानं मान वर न करता विचारलं, काय होतंय?

“काय नाय,” मावशी म्हणाली.

“मावशी, सांगा ना,” मी म्हटलं.

“सांगून झालं. आता नाय सांगायची. सांगितलं की टाळ्या वाजवत्यात.”

सर्जननं माझ्याकडं पाहिलं. मावशीनं पदर दोन्ही हातांनी गच्च धरला होता. मग तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “तुमी खरे डागदर हायत का?”

सर्जनला हसू आलं, मागं उभी असलेली त्याची ज्युनिअर पोरंही हसली. मला हसू आलं नाही. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आदल्या दिवशी तिनं ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे खरेच होते, आणि त्यांनी तिलाच खोटी ठरवलं होतं. शेवटी फर्दापूरची पोरगी तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. ती हात धरायला गेली नाही की समजू शकते म्हणाली नाही. दोघी बाहेर आल्या तेव्हा पोरीनं सर्जनला जे सांगायचं ते सांगितलं, मग त्यानं तपासलं.

काखेत पसरलं होतं. ऑपरेशन होईल, मग औषधं, पुढचं पुढं बघू, असं तो म्हणाला. मी विचारलं, उशीर झाला का? तो म्हणाला, उशीर महिन्यांचा आहे, कालचा-आजचा नाही.

हे सरांच्या कानावर गेलं. ते लगेच माझ्याकडं आले, चेहरा उजळलेला. “बघा मॅडम, एका दिवसानं काय फरक पडला? उलट परीक्षेमुळंच कळलं म्हणायचं. नाहीतर त्या कधी बोलल्या असत्या?”

हे अर्धं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. संपूर्ण खोट्याला तोंड देता येतं. मी त्यांना दार दाखवलं. ते जाताना म्हणाले, की मी फार भावनेच्या आहारी जाते. ज्याचा विभाग भावना शिकवतो, त्याच्या तोंडून हे ऐकायला मिळालं.

ऑपरेशनला मावशीला तयार करायला मला आणि त्या पोरीला घाम फुटला. ती नाही म्हणायची नाही आणि हो पण म्हणायची नाही. नुसती विचारायची, “तितं बी परीक्षा हाय का?” अखेर एक दिवस तिनं अंगठा दिला. ऑपरेशन नीट झालं. ती वॉर्डात असताना रविवारची पोरं फळं घेऊन आली. काहींचे चेहरे उतरलेले होते, एकदोघं खरंच शरमली होती, हे मी नाकारणार नाही. पण हात धरायची सवय हाडात गेलेली. एकानं स्टूल ओढलं, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला आणि विचारलं, “काय होतंय आजी?” मावशीनं दोन्ही हात चादरीखाली घेतले.

“बरं हाय,” म्हणाली.

त्यानंतर तिचं हे एकच उत्तर झालं. सिस्टरनं विचारलं तरी बरं हाय. पट्टी बदलताना कळ येऊन ओठ चावलेला असायचा, तरी बरं हाय. नंतर औषधाच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले, ओकाऱ्यांनी ती अर्धी झाली, आणि डॉक्टरनं विचारलं की बरं हाय. डॉक्टरांनाही ते सोयीचं होतं. बाहेर रांग लागलेली असते, बरं हाय म्हणणारा पेशंट सगळ्यांना आवडतो. तिच्या छातीतली गाठ काढली गेली. पण सांगायची म्हणून जी एक गोष्ट माणसात असते, दुखलं की तोंडातून आपसूक बाहेर पडणारी, तीही त्याच सुमाराला निघून गेली, आणि तिची कुणी नोंद घेतली नाही. मला ह्याचा राग गाठीपेक्षा जास्त आहे. गाठ निसर्गानं दिली होती.

निवाऱ्याचा उपक्रम मात्र गाजला. कॉलेजच्या वार्षिक अंकात मावशीचा शाल पांघरलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘सहवेदनेचा जिवंत पाठ’. मी तो अंक रद्दीत टाकला.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी सर पुन्हा माझ्या दारात.

“मॅडम, गेल्या वर्षीच्या आजी येतील का? मुलांवर फार परिणाम झाला होता. आणि या वेळी आम्ही सूचना बदलली आहे. पेशंट खरे आहेत, असं सगळ्यांना आधीच सांगणार. तपासणीलाही मार्क ठेवलेत.”

टेबलावरचा काचेचा पेपरवेट माझ्या हाताला लागत होता. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. पहिल्यांदा वाटलं, सरळ नाही म्हणावं. मग वाटलं, मी कोण तिच्या वतीनं नाही म्हणणारी? गेल्या वर्षी सगळ्यांनी तिच्या वतीनं काय काय ठरवलं होतंच. आणि खरं सांगायचं तर मनात एक वेडी आशाही होती, की या वेळी कुणी विचारलं आणि बघितलं, तर तिचं ते बंद झालेलं दार कदाचित उघडेल. म्हणून मी निवाऱ्यात गेले.

मावशी वाकळांच्या घड्या करत बसली होती. डोक्यावर नवे केस आले होते, पोरासारखे, आणि या वेळी पांढरे. मला बघून उठली, भिंत धरून, दोनदा थांबून. उभी राहिल्यावर कमरेवर हात ठेवून तिनं जरा श्वास घेतला. मी सगळं बोलून दाखवलं, यंदा काय बदललंय तेही.

“येते की,” ती म्हणाली. तोंडावर राग नाही, काही नाही. “शाल देत्यात, जेवान बी चांगलं असतं. मला काय.” मग कामाचं विचारावं तसं तिनं विचारलं, “आवंदा काय दुखतं म्हनून सांगू?”

“मावशी, यंदा खरं सांगायचं. पाठ दुखते ना तुमची? आत्ता भिंत धरून उठलात.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, एखाद्या मंद पोरीकडं बघावं तसं, आणि पुन्हा वाकळ उचलली.

“ती खरंच दुखती, बाई,” ती म्हणाली. “ती त्यायला कशाला सांगू?”